माइक आपल्या हातात, स्विच कुणाच्या?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एका प्रशिक्षण शिबिरातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'ध्वनिव्यवस्था : तांत्रिक माहिती' असं छापलंय. ते वाचून काल रात्री दोघीजणी मला म्हणाल्या, "ताई, जेवणानंतरचं सत्र आहे, डुलकी लागली तर रागावू नका." नाही रागावणार. पण आधी एक प्रसंग सांगते, मग झोपा.

एका गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांनी मतदान मागितलं होतं. आडवी बाटली की उभी बाटली, हे तुम्हाला सांगायला नको. मतदानाच्या आधीची सभा देवळासमोरच्या पटांगणात होती. साऊंड गावातल्याच एका मंडपवाल्याचा, वीज शेजारच्या एका घरातून घेतलेली. साठीच्या एक मावशी बोलायला उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. नवरा कसा गेला, मुलगा कसा चाललाय, हे त्यांनी सांगितलं आणि मग त्या म्हणाल्या, "आणि हे दुकान कुणाचं आहे ते मी सांगते." त्या क्षणी माइक बंद पडला. मंडपवाला म्हणाला, "लाइट गेली." समोर खांबावरचा दिवा तर जळत होता!

आम्ही सहाजणी कार्यकर्त्या तिथे होतो. कुणी एम. ए., कुणी वकील. पण वायर कुठून येते, कुठे जाते, कुठला बोर्ड, कुठला स्विच, हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. मावशी दोन मिनिटं नुसत्या आवाजानं बोलल्या. मागच्या बायकांना ऐकू येईना. त्या उठल्या. सभा संपली.

त्या रात्री मला कळलं, की माइक बाईच्या हातात दिला म्हणजे तिला आवाज मिळाला असं नाही. स्विच कुणाच्या हातात आहे, हे आधी बघायला हवं.

थाळीपासून रॅकपर्यंत

तशी आपली पहिली ध्वनिव्यवस्था विजेवर चालणारी नव्हतीच. सत्तरच्या दशकात मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा थाळ्या आणि लाटणी होती. ती कुणाला बंद करता येत नव्हती. १९८३ पासून 'मुलगी झाली हो' वस्त्यावस्त्यांतून झालं, तेही गळ्याच्या आणि ढोलकीच्या जोरावर. पण पाचशे बायकांची सभा, बाजूला रस्ता, पलीकडे गिरणीचा पट्टा, अशा जागी गळा पुरत नाही. तिथे यंत्र लागतं. आणि यंत्र आलं की बरोबर यंत्रवाला येतो.

हा प्रश्न आपल्यालाच पडला असं नाही. १९७५ साली, म्हणजे ज्या वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली त्याच वर्षी, अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये बोडन सँडस्ट्रॉम आणि कॅसी कल्व्हर या दोघींनी 'वुमन साऊंड' नावाची ध्वनिव्यवस्थेची कंपनी काढली. पेट्या उचलायच्या, वायरी ओढायच्या, मिक्सरवर बसायचं, सगळं बायकांनी. तिथेही बायकांना हेच ऐकावं लागत होतं, की हे जड काम आहे, तुम्हाला जमणार नाही. पाण्याचे दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला पेटी जड होते, हे सांगणाऱ्याची मला गंमत वाटते.

आम्ही वर्गणी काढून सामान घेतलं. एक मिक्सर, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, चार माइक, आणि हे सगळं बसवायला एक लोखंडी रॅक. आज मी त्या सामानाबद्दलच बोलणार आहे. कविता नाही, पण कामाचं आहे.

तीन पिना आणि तिसरीचं महत्त्व

घरातल्या कुठल्याही तीन पिनांच्या प्लगकडे बघा. दोन पिना सारख्या, तिसरी लांब आणि जाड. दोघींतून वीज येते आणि जाते. एक फेज, दुसरी न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची. ती रोज काहीच करत नाही. म्हणून लोक तिला बिनकामाची समजतात. यंत्राच्या आत एखादी वायर सुटून लोखंडी पेटीला टेकली, तर ती वीज जमिनीकडे नेणं आणि फ्यूज उडवणं हे तिचं काम. ती लांब केली आहे ती याचसाठी, की प्लग घालताना आधी तिचा संबंध जुळावा आणि काढताना तिचा शेवटी सुटावा.

आता हे माइकशी कसं जोडलंय ते बघा. माइकची जाळी आणि दांडा धातूचा. तो वायरीतल्या जाळीदार आवरणातून मिक्सरच्या पेटीला जोडलेला असतो. मिक्सरची पेटी अर्थिंगला. मधे कुठे अर्थिंग तुटलं असेल आणि पेटीत वीज उतरली, तर ती वीज थेट बोलणाऱ्या बाईच्या हातात येते. तिच्या पायाखाली ओली माती असेल किंवा दुसरा हात मंडपाच्या लोखंडी खांबाला असेल, तर ती मधली वायर होते.

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी शहरात लेस हार्वे नावाचा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्यानं हात लावला होता. आणि दूर कशाला जाऊ? आमच्याच एका गाण्याच्या कार्यक्रमात आमच्या मैत्रिणीनं माइक धरला, दुसरा हात खांबाला लागला आणि ती फेकली गेली. वाचली, कारण फेकली गेली. पुष्कळदा उलटं होतं, मूठ आवळली जाते, सुटतच नाही. नंतर बघितलं तर भाड्याच्या मशीनचा प्लग दोन पिनांचा होता. तिसरी पिन मुद्दाम कापलेली. का? तर "ताई, घूंऽऽ असा आवाज यायचा, पिन कापल्यावर गेला."

हे नीट ऐका, कारण हे सगळीकडे चालतं. मिक्सर एका बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, लांबच्या बोर्डावर लावला, की दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि ती गुणगुण ऐकू येते. त्यावर उपाय पिन कापणं हा नव्हे. सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवायचं. तरी गुणगुण राहिली तर आवाजाच्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो घालायचा. आवाज स्वच्छ करायला कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही.

म्हणून आमचा नियम असा : गावात पोचल्यावर चहाच्या आधी बोर्ड तपासायचा. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो. तो घातला की फेज, न्यूट्रल, अर्थ जागेवर आहेत की नाहीत ते साधारण कळतं. मल्टीमीटर असेल तर उत्तम. फेज-न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं. आपल्या एक्स्टेन्शन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. वीज भलत्या वाटेनं, म्हणजे एखादीच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली, की ते क्षणात पुरवठा तोडतं. पण भाबडेपणा नको. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली, तर त्याला काही कळत नाही.

आणि आकडा टाकून घेतलेली वीज कधीही वापरायची नाही. ती चोरी आहे हे तर झालंच. शिवाय तिथे ना फ्यूज, ना अर्थिंग. गावातली न्यूट्रल कुठे तुटली तर २३० व्होल्टच्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंतही येऊ शकतात. एका मिनिटात अ‍ॅम्प्लिफायर जळतो आणि "बायकांना वापरता येत नाही" हा शेरा वर मिळतो.

किटलीचा हिशेब

वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढंच गणित. घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा. २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॉट. मोठा १६ अँपिअरचा, तो ३६८० वॉटपर्यंत. आपला सगळा सेट भाषणाच्या सभेला त्या लहान सॉकेटवरही आरामात चालतो. मग फ्यूज का उडतो? कारण त्याच बोर्डावर कुणीतरी १५०० वॉटची चहाची किटली लावतं! आमचा एक अख्खा मेळावा किटलीनं बंद पाडला आहे. तेव्हापासून आमच्या बोर्डावर लाल अक्षरांत चिठ्ठी असते : 'फक्त माइक. चहा, इस्त्री, मोबाईल दुसरीकडे.' फ्यूज उडाला तर आधी कारण शोधायचं. त्याच्या जागी जाड तार घालणं म्हणजे तापलेल्या माणसाचा ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडणं.

वायरही बघून घ्या. वीज लांबून आणली की वाटेत व्होल्टेज गळतं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीनं पन्नास मीटरवरून १० अँपिअर ओढले, तर सुमारे १२ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचची वायर घेतली तर सात-साडेसात. गावात आधीच १९० व्होल्ट येत असतील तर हा फरक मोठा. आणि गुंडाळीची वायर वापरताना पूर्ण सोडायची. गुंडाळलेली तशीच ठेवली तर आतल्या आत तापते, प्लास्टिक वितळतं. वायर पायवाटेवरून नेऊ नका. न्यावीच लागली तर वर गोणपाट घाला, कडा दाबा. अंधारात पडणारी नेहमी म्हातारी बाई किंवा पोरगीच असते.

स्वतःची वीज

मघाच्या मावशींच्या सभेनंतर आम्ही पहिली वस्तू घेतली ती बॅटरी. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची. कागदावर १२०० वॉट-तास होतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, आयुष्य घटतं. राहिले ६००. इन्व्हर्टरमध्ये थोडे जातात, उरले सुमारे ५००. आमचा सेट भाषणाला सरासरी १०० वॉट खातो. म्हणजे पाच तास. बॅटरी जुनी झाली की चार धरा. कुठली सभा चार तासांहून लांबते? (हशा) लांबते, कबूल.

इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातला घेतला तर स्पीकरमधून भुंगा ऐकू येतो. बॅटरीतलं पाणी महिन्याला बघा, डिस्टिल्डच घाला, नळाचं नाही. टोकांवर पांढरी भुकटी धरते ती ओल्या फडक्यानं पुसून व्हॅसलीन लावा. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, कारण त्यातून पेट घेणारा वायू निघतो. शेजारी उदबत्तीसुद्धा नको. सभा नसली तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. पडून राहिलेली बॅटरी मरते.

जनरेटर भाड्यानं घेतला तर तो उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेनं लांब ठेवायचा. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. बंद खोलीत, तंबूत कधीच नाही. चालू असताना तेल भरायचं नाही. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं तसाच चालू द्यायचा, मीटरनं व्होल्टेज बघायचं आणि मगच आपलं सामान जोडायचं.

रॅकची निगा

रॅक म्हणजे १९ इंच रुंदीचं यंत्रांचं कपाट. त्यात उंची मोजतात ती पावणेदोन इंचाच्या घरांनी. जड अ‍ॅम्प्लिफायर खाली, हलकं वर. मांडणीवर आपण डबे लावतो तसंच. अ‍ॅम्प्लिफायरला श्वास घ्यायला जागा सोडा. पंखा आत ओढतो की बाहेर फेकतो ते कागदाची चिठ्ठी धरून बघा आणि त्या तोंडाला बॅनर लावू नका. एका उन्हाळ्यात आम्ही रॅक झाकायला वर सतरंजी टाकली. यंत्र अर्ध्या तासात गप्प झालं. ते बिघडलं नव्हतं, तापून स्वतःच थांबलं होतं.

जीपमधून आल्यावर स्क्रू सैल होतात. दर तीन प्रवासांनी आवळा. फिल्टरचा स्पंज काढून धुवा, पूर्ण वाळवून बसवा. कोकणातल्या मैत्रिणींनी पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्या आणि पंधरा दिवसांतून एकदा सेट तासभर चालवावा.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट, आधी अ‍ॅम्प्लिफायर. नाहीतर 'धप्प' असा आवाज होतो, तो धक्का स्पीकरच्या पडद्याला बसतो. मुख्य प्लग काढल्याशिवाय रॅकच्या मागे हात घालायचा नाही. धातूच्या बांगड्या काढायच्या, पदर खोचायचा. मंगळसूत्र घालावं की नाही हा वाद आपण वेगळ्या सत्रात घालू, पण रॅकवर वाकताना ते ब्लाऊजच्या आत! आणि पेटीचं झाकण उघडायचं नाही. वीज काढल्यावरही आत काही काळ साठा उरतो. ते काम दुरुस्तीवालीचं. हो, वालीचंच म्हणते, आज ना उद्या होतील.

वायरी कोपरात गुंडाळू नका. आतला धागा पिळून तुटतो. एक वेटोळं सरळ, एक उलटं, असं घाला. आत्ता करून दाखवते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. वाचता न येणाऱ्या बाईलाही जोडता आलं पाहिजे. तीन पिनांच्या माइकच्या वायरीत आवाज दोन तारांतून एकमेकींच्या उलट जातो. वाटेत घुसलेला खरखरीचा आवाज मात्र दोघींत सारखाच येतो. पलीकडे पोचल्यावर यंत्र दोघींतला फरक तेवढा घेतं, सारखं असतं ते गळतं. म्हणून या वायरी लांब नेता येतात. साध्या एकेरी वायरी थोड्या अंतरापुरत्याच.

माइक कुणाच्या उंचीचा

माइकचा स्टँड बघा. सभेत तो नेहमी पुरुषाच्या उंचीला लावलेला असतो. बाई टाचा उंचावून बोलते, नाहीतर कुणीतरी येऊन तो तिच्यासाठी खाली करतो आणि सगळी सभा हसते. तिचं पहिलं वाक्य तिथेच मरतं. आमची नेमून दिलेली एक मैत्रीण प्रत्येक बोलणारीबरोबर जाते, स्टँड तिच्या ओठांशी आणते आणि बाजूला होते. माइकवर फुंकर मारायची नाही, टकटक करायची नाही, जाळी मुठीत धरायची नाही. शिट्टी वाजली तर बाईला "लांब व्हा" म्हणून ओरडू नका. हळू बोलणारीला लांब केलं तर ती ऐकूच येणार नाही. माइक तिच्या जवळ न्या, आवाज थोडा कमी करा आणि स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा.

कायद्याचंही सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. उघड्यावर लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंद. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. परवानगीचा कागद रॅकच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. सभा बंद पाडायची असली की पहिला प्रश्न त्याचाच येतो.

शेवटी, माझी चूक

हे सगळं मी शिकले आणि मला ते आवडलं. इतकं आवडलं, की दुसरी कुणी हात लावला तर मी म्हणायचे, "राहू दे, मी करते." सहा वर्षं. मग मला टायफॉइड झाला. तालुक्याचा मेळावा होता. सेट खोलीत होता, किल्ली सापडली, पण जोडायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मंडपवाल्याला बोलावलं. त्याच मंडपवाल्याला.

अंथरुणावर पडून मी विचार केला, त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यानं स्विच बंद केला होता. मी तो कुणाला दाखवला नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. कुठली वायर कधी तुटली, बॅटरी कधी चार्ज केली, कोणी केली, सगळं त्यात. दर सभेला दोघी असतात, एक जाणती आणि एक नवी. तिसऱ्या सभेला नवी जोडते आणि जाणती खिशात हात घालून उभी राहते. हे खिशात हात घालणं मला सगळ्यात अवघड गेलं.

मावशींचं सांगायचं राहिलं. वर्षभरानं त्याच गावात पुन्हा सभा घेतली, आमच्या बॅटरीवर. त्या उभ्या राहिल्या. बोलायच्या आधी त्यांनी मागे वळून विचारलं, "बंद तर होणार नाही ना?" रॅकशी त्यांचीच सून बसली होती. ती म्हणाली, "नाही, आत्या. तुम्ही बोला."

चला, आता सगळ्याजणी पुढे या. वायर गुंडाळायची आहे. डुलकी लागली असेल तर तिनं आधी.